बाकीचे एकोणऐंशी दिवस

बुलढाणा
१८ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझं अक्षर पाहून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. फोन लावला की माझ्या डाव्या कानात पिठाची गिरणी सुरू होते आणि तुझं अर्धं बोलणं त्या गिरणीत जातं. मोबाईलवर टाइप करायला घेतलं तर डोळे फिरतात. म्हणून हे पत्र.

दिवाळीला तुझ्याकडे आले नाही, त्याचं खरं कारण यांनी तुला सांगितलं नाही. मीच सांगू दिलं नव्हतं. ऑगस्टपासून मला चक्कर येते. साधीसुधी नव्हे. बसल्या जागी अख्खी खोली गरागरा फिरते, पोट ढवळून येतं, अर्धा-पाऊण तास डोळे मिटून पडून राहावं लागतं. मग हळूहळू सगळं आपापल्या जागी येतं. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आतल्या भागाचा आजार आहे, जिवाला धोका नाही, गोळ्या घ्या, मीठ कमी करा. पुढची चक्कर कधी येईल असं विचारलं तर हसले. उद्या येईल किंवा दोन महिने येणारही नाही, ते कुणीच सांगू शकत नाही म्हणाले.

ताई, पंचवीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला हे उत्तर कसं चालावं? मी एक वही सुरू केली. तारीख, काय खाल्लं, किती झोपले, ऊन की ढग, यांच्याशी भांडण झालं की नाही. नव्वद दिवसांत अकरा वेळा चक्कर आली आणि कशाचा कशाशी मेळ नाही. शेवग्याच्या शेंगांवर माझा दाट संशय होता, त्याही निर्दोष निघाल्या.

आता मी घराबाहेर पडत नाही. यांनी दर चार पावलांवर एक खुर्ची मांडून ठेवली आहे. परवा शेजारच्या रुक्मिणीबाई आल्या आणि इतक्या खुर्च्या पाहून विचारू लागल्या, कार्यक्रम किती वाजता आहे.

शाळेतून रजा घेतली आहे. पण रजा किती दिवस पुरणार? चाळीस मुलींसमोर मी कोसळले तर, हा विचारच पाठ सोडत नाही. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ठेवलाय. महिनाअखेरीला देईन. इतर कुणाला कळण्याआधी तुला कळावं, म्हणून लिहिते.

भाऊजींना नमस्कार. माझ्या जेवणातलं मीठ गेलं, तुझी माया तेवढी अळणी होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी,
स्नेहलता


संग्रामपूर
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. स्नेहलतास,
अ. उ. आ.

तुहं पत्र भेटलं. आधी रडली, मंग तुह्या खुर्च्यांवर हासली. लक्ष्मीकांतराव भला मानूस हाय, पन त्याईले सांग, बाईले चालाले बी जागा ठेवा म्हना.

एवढे दिवस मले काऊन नाई सांगतलं वं? मी का परकी हाय? आपली माय गेली तवा तू नऊ वर्साची होती. तुह्या वेन्या मी घातल्या.

आता तुह्या गनिताचं पाह्य. मी सातवी शिकली, तू मास्तरीन. पन नव्वदातून अकरा गेले तं एकोणऐंशी रायते नं? थ्या एकोणऐंशी दिवसात तुले काईच झालं नाई. मंग थे दिवस तू खुर्चीवर बसून काऊन काढले? चकरेनं अकराच दिवस घेतले, बाकीचे तं तू सोताच देऊन टाकले.

आमच्या इकडं सातपुड्यातून वानराचं टोळकं उतरते. कधी येईन काई भरोसा नाई. मांगच्या साली त्याईच्या धाकानं मी चार दिवस वावराच्या धुऱ्यावर बसून राह्यली. निंदन नाई, वांग्याचा तोडा नाई. एक वानर आलं नाई. पाचव्या दिवशी लग्नाले गेली, तं सारे वांगे खाऊन गेले! तवापासून आमी गोफन धुऱ्यावर ठेवतो अन् आपलं काम करतो. आले तं हाकलतो. नाई आले तं बरंच.

एक डाव शाळेत जाऊन पाह्य. पोरींले आधीच सांगून ठेव, मास्तरीन खाली बसली तं घाबरू नोका. पडली तं पडली, उठशीन. अर्ज राहू दे पेटीत. त्याले काई पाय नाई फुटत.

तुह्यावर जीव हाय म्हनून बोलली. राग आला असन तं दोन पानं भरून भांडन लेहून पाठव, पन पाठव.

तुही ताई,
कौशल्या


बुलढाणा
२१ जानेवारी २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

राग आला होता. दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना एकोणऐंशी हा आकडा डोक्यातून जाईना. दोन डिसेंबरला शाळेत गेले. खुर्ची घेऊन मागोमाग येऊ नका, असं यांना बजावावं लागलं. तरी फाटकापर्यंत आलेच.

सातवीच्या मुलींना पहिल्याच तासाला सांगून टाकलं की मला चक्कर येते, कधी येईल ते मलाही ठाऊक नाही, आली की मी खाली बसेन. तुम्ही शेजारच्या वर्गातून धम्मशीलाबाईंना बोलवायचं आणि गणित पुढे चालू ठेवायचं. डिंपल नावाची एक मुलगी आहे, ती हात वर करून गंभीरपणे विचारते कशी, की बाई, खोली डावीकडून उजवीकडे फिरते की उजवीकडून डावीकडे? पंचवीस वर्षांत इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पुढच्या वेळी पाहून सांगते म्हटलं.

सगळा डिसेंबर निवांत गेला. अर्धा जानेवारीही. आणि काल तिसऱ्या तासाला आली. हातात खडू होता आणि फळा सरकायला लागला. मी भिंतीला धरून खाली बसले, मग आडवीच झाले. धम्मशीलाबाई धावत आल्या, त्यांनी आपली शाल गुंडाळून माझ्या डोक्याखाली दिली. सहा महिने जिची धास्ती घेतली, ती गोष्ट घडत होती, चाळीस मुलींसमोर, आणि मी डोळे मिटून पडले होते.

 मग खडूचा आवाज आला. डिंपल उठून फळ्यापाशी गेली होती, कारण गणित चालू ठेवायचं असं मी सांगितलं होतं. उणे तीन गुणिले उणे चार. तिनं हळू आवाजात उत्तर सांगितलं, उणे बारा. ताई, शपथेवर सांगते, खोली फिरत होती आणि मी जमिनीवरूनच ओरडले की अधिक बारा होतात, अधिक!

सगळा वर्ग खो-खो हसत सुटला. धम्मशीलाबाई हसल्या. मीही हसले, हसण्यानं जास्तच गरगरत होतं तरी हसले. आणि हो, डावीकडून उजवीकडे फिरते. डिंपलला सांगितलं.

पाऊण तासानं उठले. मुख्याध्यापकांनी घरी जायला सांगितलं, मी चहा मागितला. शेवटचा तास मीच घेतला. आजही गेले होते. पुन्हा येईलच ती, कधी ते ठाऊक नाही. सकाळी निघताना छातीत धडधडतं अजून. पण त्या धडधडीसकट वेणी घालते आणि निघते.

भाऊजींना नमस्कार सांग. तुझं बोलणं लागलं तरी चालेल, थांबू मात्र देऊ नकोस.

तुझीच,
स्नेहलता


संग्रामपूर
२८ जानेवारी २०२५

चि. सौ. स्नेहलतास,
अ. उ. आ.

पोस्टमननं तुहं पत्र वावरातच आनून देल्लं. माहे हात मातीचे, म्हनून तुह्या भाऊजीले मोठ्यानं वाचाले लावलं. तू जमिनीवरून ओरडली तिथं आले अन् त्याईनं पत्र माह्या हाती देल्लं. मंग बाकीचं मीच वाचलं, तशाच मातीच्या हातानं.

आता एक सांगतो. तुले पत्र टाकलं तवापासून मी रोज फाट्यावर जाऊन पोस्टमनची वाट पाहे. घरी सांगे, साखर आनाले चालली. तुहे भाऊजी म्हने, एवढी साखर घरात खाऊन कोन राह्यलं? मनात येये, आपन भलतंच तं नाई सांगतलं? पोरगी जिन्यात पडली तं? काय होईन थे मले तरी कुठं माहीत होतं वं! मी का डॉक्टर हाय? तरी लेहलं.

काल त्या साखरेचा शिरा केला. लयच साचली होती, साऱ्या गल्लीले पुरला.

एकच अडलं. उणे-उणे अधिक कसं होते, हे तुह्या भाऊजीले पटून नाई राह्यलं. म्हनते, दोन बैल हरपले अन् अजून दोन हरपले, तं चार बैल घरी येतीन का? मले बी उलगडा झाला नाई. पन मी सांगतलं, माह्या बहिनीनं फिरत्या खोलीतून सांगतलं, म्हंजे खरंच असन.

माया हाय तेवढी सारी तुहीच. मोजत बसू नोको.

तुही ताई,
कौशल्या