आवाज शून्यावर

प्रिय शिवपुत्र,

“मशीन आपसूक गप बसत न्हाय, त्याला कुणीतरी गप करतंय,” माकणी धरणाजवळच्या माळावर रक्ताळलेल्या हाताला उपरणं गुंडाळत अप्पा तुला म्हणाले होते. नऊ वर्षं झाली. ते वाक्य घेऊन तू हैदराबादला गेलास, तो पुन्हा उमरग्याला घराकडं फिरकला नाहीस.

अप्पा बरे आहेत. दुकान रोज उघडतात, जुने रेडिओ खोलतात. दोन बोटं नसल्यामुळं सोल्डरिंग मात्र जमत नाही. मग शाळेतून आल्यावर मी बसते आणि बोलणी खाते, “मास्तरीणबाई, तार जोडतीयास का चहा ढवळतीयास?”

गेल्या आठवड्यात त्यांनी माळ्यावरून तुझं ते रिमोटवर उडणारं छोटं विमान आणि त्याचा रिमोट काढला. “ह्याचे अलार्म लावून दे,” म्हणाले. मी मोबाइलवर बघून बघून शिकले. विमान लांब गेलं की सिग्नलचा आकडा उतरतो. पंचेचाळीसला पहिली सूचना, बेचाळीसला शेवटची. तेवढ्यात विमान वळवायचं. “पहिली पन्नासला ठेव,” अप्पा म्हणाले, “पोरगं उशिरा ऐकतंय.” आणि हसले. तुझं नाव न घेता तुझ्याविषयी बोलायची त्यांची हीच रीत.

मग मी विमान बंद केलं आणि रिमोट ओरडायला लागला, सिग्नल गेला, सिग्नल गेला. अप्पांची बोटं गेली त्या दिवशी सकाळीही तो असाच ओरडत होता. विमान बंद करून, रिमोट तसाच चालू ठेवून तू आंघोळीला गेला होतास. आत अप्पा तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसले होते. त्यांची पूजा मोडू नये म्हणून मी रिमोटचा आवाज शून्यावर नेला. नंतर डबे भरायच्या गडबडीत तो वाढवायचा विसरले.

माळावर विमान लांब गेलं, तरी रिमोट मुकाच राहिला. ते ज्वारीत पडलं. अप्पा धावले, त्यांनी ते उचललं, तेवढ्यात सिग्नल परत जुळला आणि पंखा त्यांच्या बोटांवर फिरला. तू रडत म्हणालास, “अप्पा, माझंच चुकलं. अलार्म तपासला न्हाय म्या.” मी शेजारीच उभी होते, शिवू. आणि मी काहीच बोलले नाही.

सोमवारी अप्पांना सगळं सांगितलं. ते कितीतरी वेळ रिमोट पुसत राहिले. मग म्हणाले, “मला काय सांगतीस? नऊ वर्षं त्यानं सोसलंय. त्याला सांग.” म्हणून हे पत्र. फोनवर माझा धीर झाला नसता.

अलार्मला मी माझाच आवाज भरलाय, “शिवू, माघारी वळ.” आवाज पूर्ण ठेवलाय. एखाद्या रविवारी ये आणि माकणीच्या माळावर अप्पांसमोर ते विमान उडव. तू नाही म्हणशील, हे धरूनच विचारते आहे. माझं तोंड बघायचं नसेल तर मी घरीच थांबेन. येशील?

तुझीच,
श्रीदेवी अक्का