दारावरचा कॅमेरा, सहा ते सात

३ मार्च, सोमवार
कॉल पुन्हा गोठला! ती काहीतरी सांगत होती — तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, आणि चित्र तिथेच. मी ओरडलो. ती म्हणाली, "माझ्यावर कशाला डाफरतोस? तुमच्या नेटवर डाफर." ठेवला.

बाबांनी घराभोवती चार कॅमेरे लावलेत. चोराने यावं असं आमच्याकडे आहे काय? त्यातलाच एक दारावर: जुनी बेल काढून तिथे कॅमेऱ्याचीच बेल. दाबली की मोबाइलवर वाजते, माणूस दिसतो. तेव्हा मीच तिच्याजवळ फुशारकी मारली होती — दारात मांजर फिरकली तरी मला खोलीत बसून कळतं! आता हे चौघे दिवसभर चित्रं वर पाठवत बसतात, सगळं नेट गिळतात.

६ मार्च, गुरुवार
बाबांना म्हटलं, दोन तरी बंद करू. "कॉलेज अर्ध्यावर सोडलंस, आता घराची राखणही अर्ध्यावर सोड." आई हसली. तेच जास्त लागलं.

ती सोमवारी दुसऱ्या शहरात चालली. नोकरी. "रविवारी सहाला बोलू. न भांडता. मी थांबायचं की जायचं, ते ठरवू."

८ मार्च, शनिवार
राउटरमध्ये नियम टाकला: रविवारी सहा ते सात चारही कॅमेऱ्यांचं नेट बंद. रेकॉर्डिंग आतल्या कार्डावर होत राहील, म्हणजे बाबांनाही बोलायला जागा नाही. अर्ध्यावर सोडणारा म्हणे!

९ मार्च, रविवार
आईबाबा मावशीकडे. इस्त्रीचा शर्ट घालून पावणेसहापासून मागच्या खोलीत, कानात हेडफोन. नेट सुसाट. सहा. सव्वासहा. मी करणार नाही — बोलू असं ती म्हणाली, तिने करावा.

सात वाजले.

लिहून पाठवलं: "एक फोन करायची दानत नाही? पुन्हा तोंड दाखवू नकोस."

लगेच उत्तर — "बरं." एवढंच! जा म्हणावं खुशाल.

१० मार्च
गेली असेल. माझं काय जातंय.

१२ मार्च, बुधवार
बाबा म्हणाले, "रविवारी आपल्या दारात कोणीतरी बराच वेळ उभं होतं, शेजारचे काका सांगत होते. बघ जरा. तेवढं तरी कर."

कार्ड काढून लॅपटॉपला लावलं.

सहा वाजून चार मिनिटं. ती. बेल दाबते. थांबते. पुन्हा दाबते. दार ठोठावते. मग सरळ कॅमेऱ्यात बघते — "बघतोयस ना? म्हटलं फोनवर नको, समोरासमोर बोलू. उघड ना रे."

बावीस मिनिटं. जाताना पायाने सरकलेलं पायपुसणं सरळ करून गेली.

चित्र एकदाही अडकलं नाही.