खोडलेल्या तीन सकाळी

नाना, तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं त्यापेक्षा मी आता बावीस वर्षांनी मोठी आहे, आणि तरी तुम्हाला लिहायला बसले की पाठ आपोआप ताठ होते. कलकत्त्यात, बेहालाच्या याच घरात, रस्त्याकडच्या खिडकीशी बसून लिहिते आहे. तुम्ही असतात तर पहिल्यांदा विचारलं असतंत, दिवसभर बंगालीत बोलणाऱ्या आणि इंग्रजीत आकडे मांडणाऱ्या या बाईचं मराठी अजून शाबूत आहे का? आहे, नाना. ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदच आहे, पण तुमच्याशी भांडायला दुसरी कुठली भाषा मला कधी आलीच नाही.

गेले तीन दिवस आभाळ भरलेलं आहे. असं सलग आभाळ राहिलं की मला उजाडायच्या आधी जाग येते आणि पाण्यावर तोंडं आपटल्याचा आवाज ऐकू येतो. बारीक, चुटचुट असा, शेकडो तोंडांचा. इथे आसपास तळं नाही, डबकंही नाही. डॉक्टर म्हणाले, वयानं कान वाजतात. मी मान डोलावली. कान वाजत नाहीत हे मला चांगलं ठाऊक आहे, पण डॉक्टरांना काय सांगणार, की हे मी विशीत असल्यापासून ऐकते आहे? आज सकाळी मात्र तो आवाज ऐकताना तुम्ही बांधावर पाठमोरे उभे दिसलात, धोतर चिखलानं भरलेलं. मागे वळला नाहीत. म्हणून आज लिहायचंच ठरवलं.

सुरुवात कुठून करू? आईच्या स्वयंपाकघरातून करते, कारण तुमचं गणित मला पहिल्यांदा तिथेच कळलं. तुम्ही पाटावर बसून विरजणाच्या भांड्यात तापमापक धरलाय, दर तासाला वहीत काहीतरी टिपताय, आणि आई कढई खाली ठेवून म्हणतेय, "अहो, दही लागायचं तेव्हा लागेल. त्याच्यावर पहारा कसला?" तुम्ही हसून मला म्हणालात, "हिच्या बोटाला कळतं थंडीत विरजण किती आणि उन्हाळ्यात किती. मला ते समीकरणात उतरवता येत नाही, आणि हिला ते सांगता येत नाही. दोघांनी मिळून बसलं तर काहीतरी होईल." आई म्हणाली, बसायला वेळ कुणाला आहे. पण तुमचं सगळं काम त्या एका वाक्यात होतं असं मला आज वाटतं.

शहराच्या पूर्वेला जी उथळ तळी होती, भेरी म्हणतात तिथे, त्यात कलकत्त्याचं सांडपाणी सोडून मासे वाढवत. घाण आत आली की उन्हात पाणी हिरवं होई, त्या हिरव्यावर रोहू-कटला पोसत आणि चार-सहा महिन्यांनी ते शहराच्याच ताटात परत येत. आपल्या घरात मासळीचं नाव काढलं तरी आई गोमूत्र शोधायची, आणि तुम्ही मात्र जन्मभर मासे कसे जगतील याचा हिशेब करत बसलात, यावर इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी तुमची किती थट्टा केली! तेव्हा फाळणीनंतरची माणसं शहरात येतच होती. सांडपाणी वाढत होतं, खाणारी तोंडंही वाढत होती. भेरीवाल्यांची समिती तुमच्या संख्याशास्त्राच्या संस्थेकडे एवढंच विचारायला आली, की पाणी आत घेण्याचं लाकडी दार रोज किती वेळ उघडं ठेवायचं? कमी ठेवलं तर मासे उपाशी, जास्त ठेवलं तर पाण्यातला प्राणवायू संपून ते गुदमरणार. आजवर हे खुडो ठरवायचा. खुडो म्हणजे काका; त्या दाराचा म्हातारा रखवालदार, सगळे त्याला खुडोच म्हणत. तो ओंजळीत पाणी घ्यायचा, हुंगायचा, थोडं जिभेला लावायचा आणि दार उघडायचा. पण आता पाण्याचाच स्वभाव बदलत होता आणि खुडोही थकला होता. मग तुम्ही समीकरण मांडायचं, रसायनशाळेतल्या बाबूंनी पाणी तपासायचं, खुडोनं पहाटे आणि दुपारी बाटल्या भरून त्यात तिथेच औषधाचे थेंब टाकायचे, आणि मी हातानं फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड करायची असं ठरलं. मी एकवीस वर्षांची, संस्थेच्या गणनखोलीतली एकमेव मुलगी, तीही हंगामी.

तुम्ही मला पहिल्यांदा भेरीवर नेलंत तो दिवस आठवतो? खुडोनं पाणी जिभेला लावलं आणि मला हसू फुटलं. तुम्ही सगळ्यांसमोर, मुद्दाम बंगालीत, त्यालाही कळावं म्हणून मला झापलंत. "हा जे चाखतो ते मोजायला आपल्याला तीन माणसं आणि एक यंत्र लागतं. हसायचं असेल तर आपल्यावर हस." मी लालबुंद झाले. खुडोच मध्ये पडला, "थाक बाबू, छेलेमानुष," म्हणजे राहू द्या, लहान आहे. परतीच्या वाटेवर तुम्ही तो नियम घालून दिलात: आकडा कितीही विचित्र वाटला तरी ज्यानं बाटली बुडवली त्याला विचारल्याशिवाय तो खोडायचा नाही. पेन्सिलीनं गोल करायचा, जाऊन विचारायचं, मगच पक्क्या वहीत काय ते लिहायचं. गणनखोलीतली बाकीची मंडळी या नियमाला कंटाळायची. पण तुमच्या हाताखाली तोच चालायचा.

आता जे सांगायचं ते सांगते. पावसाळ्याच्या तोंडावर दार उघडं ठेवायच्या वेळांचं कोष्टक पुरं व्हायला आलं होतं. सोमवारी ते समितीला द्यायचं होतं. सगळ्या सकाळच्या नोंदी तुमच्या वक्ररेषेवर अशा बसल्या होत्या की बघत राहावं. फक्त तीन सकाळी बसत नव्हत्या. त्या तिन्हींच्या पुढे प्राणवायू शून्य लिहिलेला होता आणि रसायनाच्या बाबूंनी शेजारी टिपलं होतं, बाटली पांढरी. पाण्यात औषधाचे थेंब टाकले की प्राणवायू असेल तर साका तपकिरी व्हायचा, नसेल तर पांढरा राहायचा, एवढं मला माहीत होतं. पण रोजच्या तपकिरी बाटल्यांमध्ये एकदम या तीन पांढऱ्या कशा? मला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नाही, औषध उलटसुलट टाकलं असणार. विचारायला जायचं तर ट्रामनं एस्प्लनेड, पुढे बस, पुढे चिखलातून पाऊण तास पायी. शनिवार होता. संध्याकाळी मंडळाच्या नाटकाची तालीम होती आणि मला त्यात दोन वाक्यं होती. मी त्या तीन सकाळींना गोल केला नाही. पक्क्या वहीत उतरवल्याच नाहीत. कच्च्या वहीत त्यांच्यावर सरळ रेघ मारली, पट्टी लावून, नीट. सोमवारी तुम्ही पक्की वही चाळलीत आणि म्हणालात, "तुझी वही म्हणजे माझीच वही." कच्ची मागितली नाहीत.

भाद्रपदात चार दिवस सूर्य दिसला नाही. खुडो दुसऱ्या दिवशीच म्हणत होता की दार लावू या, पाण्याला वास येतोय. समितीच्या लोकांनी त्याला तुमचं कोष्टक दाखवलं. पाचव्या दिवशी सकाळी निरोप आला आणि आपण दोघं गेलो. मासे वर आले होते. मेले नव्हते अजून, हे लोक विसरतात. आधी ते वर येतात, तोंडं हवेत काढतात आणि हवा खायला बघतात. बायका कंबरभर पाण्यात उतरून बादल्यांनी पाणी उडवत होत्या, म्हणजे हवा मिसळेल. एक बाई रडत रडत पाण्यावर थापा मारत होती. दुपारपर्यंत आवाज थांबला आणि सगळं तळं पांढरं झालं. समितीतला एकजण ओरडला की म्हाताऱ्यानं दार जास्त उघडलं, याला हाकला. तुम्ही बांधावरून खाली उतरलात, चिखलात, आणि म्हणालात, "यानं काही केलं नाही. यानं बंद करा म्हटलं होतं. माझं समीकरण चुकलं." हात जोडलेत. मी तुमच्या मागे दोन हातांवर उभी होते.

त्याच आठवड्यात मी जेवणाच्या सुट्टीत एकटीनं त्या तीन सकाळी यंत्रावर घातल्या. तिन्ही सकाळींच्या आधीचे दिवस ढगाळ होते, ते शेजारच्याच रकान्यात होतं. बघायचं तेवढं राहिलं होतं. ऊन नाही तर हिरवं पाणी प्राणवायू कुठून करणार? हे तुमच्या समीकरणात होतं, नाना. एक पद त्यासाठीच होतं. आकडेच न मिळाल्यामुळे तुम्ही ते जवळजवळ शून्य धरलं होतंत. माझ्या तीन सकाळी घातल्या आणि यंत्राचं हँडल फिरवत गेले तर चौथ्या दिवसानंतरची पहाट बरोबर शून्यावर आली. तुमचं काहीही चुकलं नव्हतं. तुम्ही अचूक होतात.

मी वही मिटली. उद्या सांगू म्हटलं. मग काम बंद झालं, तुम्हाला पिकांच्या आकडेवारीकडे धाडलं, आणि तुम्ही घरी विरजणाकडेही बघेनासे झालात. आईनं एकदा मुद्दाम विचारलं, "आज किती घालू हो?" तर तुम्ही म्हणालात, "तुला कळतं ते घाल. मला त्यातलं काही कळत नाही." चेष्टेत नाही, खरोखर. दोन वर्षं मी रोज तुमच्या समोर बसून जेवले. एका माणसाचा स्वतःच्या बुद्धीवरचा विश्वास माझ्या कपाटातल्या एका वहीत कुलूपबंद होता, आणि मी त्याला भात वाढत होते.

तुमच्या छातीचं दुखणं सुरू झाल्यावरची ती दुपार. आई खाली गेली होती. तुम्ही उशीला टेकून बसला होतात आणि अचानक म्हणालात, "तू सगळे आकडे हातानं फिरवलेस. तुला कधी दिसलं का, माझं कुठे चुकलं ते?" इतकं सरळ तुम्ही मला कधी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही नाना. मला नाही दिसलं." तुम्ही मान हलवलीत. पुढच्या महिन्यात तुम्ही गेलात.

खुडोकडे मी नंतर एकदा गेले होते. त्याला सगळं सांगितलं. तो विडी विझवून म्हणाला, "बाटल्या मी नीट भरल्या होत्या, दिदिमोनी." एवढंच. तुम्हाला सांगितलं होतं का, असं त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकण्यासारखं कुठे काही नाही. आई गेली, खुडो गेला, त्या भेरीवर आता इमारती आहेत. एवढी वर्षं मी लोकांना, आणि जास्त करून स्वतःला, हेच सांगत आले की तुमच्या छातीला धक्का सोसला नसता म्हणून मी त्या दुपारी गप्प बसले. ते खोटं आहे. त्या दुपारी माझ्या पर्समध्ये कायम नेमणुकीचं पत्र होतं, सकाळीच हातात आलेलं, गणनखोलीची प्रमुख म्हणून. तेच दाखवायला मी तुमच्या खोलीत आले होते. "मला नाही दिसलं" म्हटल्यावर मिनिटभरानं मी ते काढून तुमच्या हातात दिलं. तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचलंत, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "चला, माझ्या हातून एवढं तरी बरोबर झालं." आणि नाना, मला त्या वेळी फार आनंद झाला होता.