मागून येणारी

प्रिय मिलेना,

यंदा दोघं कुठे भटकताय, असं विचारलंस. 'मजेत आहोत' असं कार्ड तुला टाकेन. हे पत्र मात्र माझ्याकडेच राहील.

काल तुझ्या दादाला बोहिन्य तळ्यामागच्या आमच्या लाडक्या डोंगरवाटेवर नेलं. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीच्या जागी माणसाला आठवतं. आठवतं कसलं डोंबलाचं!

बुटाची नाडी बांधायला मी मागे थांबले. वर पोहोचले, तर परक्या वाटसरूला देतात तशी त्याने कडेला सरकून मला वाट दिली.

"नमस्कार बाई. जपून, पुढे निसरडं आहे."

"तुम्ही नाही येत?"

"बायको मागे राहिलीय. सगळा युरोप पायी पालथा घातला, पण बाईसाहेबांचं रेंगाळणं काही सुटत नाही!"

मग मीही त्याच्या शेजारी बसून तिची वाट बघत राहिले.

तुझी वहिनी,
व्लास्ता