शनिवारी कुपन लागत नाही

ग्रिम्सबी
११ नोव्हेंबर २०१८

गेल पोरी,

तू बरी असशील. मीही आहे. वारा गोदीकडून येतोय, त्यामुळे वाळत घातलेल्या चादरींना माशांचा वास. शेजारची नोरीन रोज डोकावते, मी मेले का बघायला. तिची निराशा करते.

जिन्याला सरकती खुर्ची बसवणारा तू पाठवलेला माणूस गुरुवारी आला. जिना मोजताना म्हणाला, "बाई, तुम्ही तर माझ्याआधी वर पोचलात की!" त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

आयरिसच्या पाळणाघराची कुपनं सुरू झाली, बरं झालं. शाळेत माझं कधी लक्ष नव्हतं, पण एवढं कळतं: कर कापायच्या आधीच तुझ्या पगारातले महिन्याला दोनशे त्रेचाळीस पौंड बाजूला निघतात, त्यांची कुपनं पाळणाघराला जातात, सरकारचा हात तिथे पोचत नाही. वर्षाला नऊशेच्या वर वाचतात. आणि चार ऑक्टोबरनंतर नव्या माणसाला दार बंद.

सप्टेंबरात तू माझ्या स्वयंपाकघरात तो फॉर्म घेऊन बसली होतीस. म्हणालीस, "राहू दे आई. आठवड्यातून तीन दिवसांचीच नोकरी बरी. आयरिस पाळणाघरात गेली तर तू दिवसभर करशील काय?"

दुसऱ्या दिवशी मी कुपनवाल्यांना फोन लावला. म्हटलं, नात मीच सांभाळते, मला चालतील का?

"नुसत्या आजीला नाही चालत, मॅडम. नोंदणी करून दुसऱ्यांचीही मुलं सांभाळलीत तर चालतील."

"म्हणजे आधी परक्याचा शेंबूड पुसायचा, मग नातीचा पुसायचे पैसे?"

"तसंच काहीसं, मॅडम."

त्या संध्याकाळपासून माझे गुडघे दुखायला लागले.

तू सही केलीस, पाच दिवसांची सुपरवायझर झालीस. व्हायलाच हवी होतीस. मी चाळीस वर्षं मासे कापले, कुणी मला सुपरवायझर केलं नाही.

आयरिसने मात्र मला पकडलं होतं. "आजी, काल दुसरा पाय लंगडत होता!" बिस्कीट देऊन तोंड बंद केलं.

मंगळवारी तीन वाजता कोट घालून, पाव घेऊन मी दारात उभी. तिला बदकांकडे न्यायची वेळ. मग एकटीच गेले. म्हातारी एकटी पाव टाकत उभी राहिली की लोक दया करून बोलायला येतात. म्हणून पाव मीच खाल्ला.

कुपनं सोडू नकोस, एकदा सोडलीस की परत मिळायची नाहीत. नोकरीही सोडू नकोस. पण शनिवारीसुद्धा तू तिला माझ्याकडे ठेवत नाहीस, माझ्या गुडघ्यांना जपतेस. शनिवारी कुपन लागत नाही, गेल.

शिव्या द्यायच्या असतील तर येऊन दे. येताना तिला आण. मी दहापासून कोट घालून असेन.

दोन्ही पाय धड असलेली,
तुझी खोटारडी आई