तुझ्या वाटणीचं मटण

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. आईने ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. आता ती घरी आहे, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायचा. उलट्या-जुलाबांनी पार गळून गेली होती. मी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात पेशंटांचं जेवण शिजवत होते आणि ही वरच्या मजल्यावर सलाइन लावून पडली होती.

कारण ऐकशील तर कपाळावर हात मारशील. दर रविवारी ती मटण करते आणि सगळ्यांत आधी तुझ्या वाटणीचं छोट्या पातेल्यात काढते. नळी तुलाच, मला कधीच नाही, ते अजून तसंच आहे. मग ते पातेलं ब्लँकेटमध्ये गुंडाळून टेबलावर ठेवते, तू कारखान्यातून उशिरा यायचास तेव्हा ठेवायची तसं. फ्रीजमधल्या मटणाला वास येतो म्हणून तू एकदा ताट सरकवलं होतंस, ते तिने मनात धरून ठेवलंय. सकाळी पातेलं तसंच असतं. टाकवत नाही म्हणून तीच खाते.

आमच्या इस्पितळात उरलेलं मटण आम्ही पसरट डब्यांत काढतो, वाफ गेली की लगेच फ्रीजमध्ये. खाताना एकदाच, चांगलं खळखळून उकळायचं. उबेत राहिलेलं मटण बिघडतं आणि त्याला वासही येत नाही, हे मी तिला कानीकपाळी ओरडून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. परवा मी पातेलं फ्रीजमध्ये ठेवलं, तर तिने ते काढून परत गुंडाळलं. म्हणाली, तू परक्यांना जेवायला घालतेस, तुला वाट बघणं काय कळणार. मला फार लागलं ते. डॉक्टर म्हणतात, मूत्रपिंडं आधीच थकली आहेत, पुन्हा असं झालं तर आई हाती लागायची नाही.

ब्लँकेट तुझंच आहे, निळं. पोलीस तुला घेऊन गेले तेव्हा पलंगावर राहिलेलं. त्या मारामारीत तुझ्या हातून जो मुलगा गेला, त्याची आई रविवारी काय करत असेल, असं तिने मला एकदा विचारलं. मी भांडी घासत राहिले.

प्रत्येक पत्राच्या शेवटी तू लिहितोस, लवकरच येतो. तिला बरं वाटावं म्हणून लिहितोस, कळतं मला. पण निकाल मी कोर्टात बसून ऐकलाय. तू सुटशील तेव्हा ती नसणार, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. या वेळी तसं लिहू नकोस. लिही की आई, मी इतक्यात येत नाही, माझ्या वाटणीचं फ्रीजमध्ये ठेव. माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल, आणि रडेल. रडू दे. मी आहे इथे.

तुझ्यावर अजून चिडलेली, तरी तुझीच,
ताई