तुळईखालचं मुसळ

चि. सौ. गोजरास,

गोवर्धनदादाचा आशीर्वाद. इकडे सर्व उभं आहे. (क्षेम आहे असं लिहिणार होतो, पण सध्या घर उभं असणं हेच क्षेम.) तुझे गुडघे कसे आहेत? तुझी रुतिका सासरी रुळली का? फोन न करता पत्र का, असं विचारशील. आपल्या पावणे गावच्या घरात खाली बोललेलं वर ऐकू जातं, आणि वर कोण आहे ते अजून ठरलेलं नाही.

रुतिकाच्या हळदीला तू आईचं मुसळ मागितलंस. आई गेल्यावरही ते कपाटामागच्या ओट्यावर तसंच उभं होतं. निघेना, म्हणून मी हातोड्याने ठोकून काढून दिलं. (तूच "दादा, जोरान्" म्हणत होतीस, हे विसरू नकोस.) त्या दिवसापासून घर बिघडलं. भरदुपारी सगळं शांत असताना फळीवरची पितळी भांडी आपोआप किणकिणायला लागली. वरच्या खोलीचं दार कडी घातली तरी सताड उघडं. वर जमिनीवर पाण्याची बाटली आडवी पडली की ती गडगडत, आई निजायची त्या कोपऱ्यात जाऊन थांबायची. उचलून आणली की परत तिकडेच. तुझी वहिनी भाग्यश्री तर बाटलीला नमस्कार करायला लागली.

मी असलं काही मानत नाही. (दारातलं लिंबू तिचं आहे.) तुर्भ्याच्या रणजीत मिस्त्रीला बोलावलं. तो जिना चढला, तसाच उतरला आणि चपला हातात घेऊन अंगणात जाऊन बसला. म्हणाला, "काका, वरती कोन झोपलाय काय? मी वाकलो तं पाठीवरून कोनतरी गेला." शेवटी मीच वरच्या फळ्या पेलणाऱ्या तुळईखाली दोरा ताणून धरला. मधे ठीक होती, पण कपाटाकडचं टोक चांगलंच खाली आलेलं. रणजीतला हाताला धरून आत आणलं. त्याने तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत शिरला. वाळवीने पोखरलेलं ते टोक भिंतीत जेमतेम टेकलं होतं. आणि त्याच्या खालच्या अंगाला एक काळा गोल वळ, बरोबर मुसळाच्या डोक्याएवढा. म्हणजे वरची अख्खी खोली इतकी वर्षं आईच्या मुसळावर उभी होती. "मुसल हलवू नको, घर बसंल," असं ती बजावायची आणि आपण दोघं हसायचो. गोजरा, मी तिथेच खाली बसलो. रडू आलं, हे लिहायची लाज वाटत नाही.

मग रणजीतने ट्रकचा जॅक आणला. तुळई रोज थोडी थोडी वर घेतली (घाई केली तर भिंत तडकते), कुजलेलं टोक कापून दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या जोडल्या आणि खाली सिमेंटचा पाया करून त्यावर लोखंडी खांब उभा केला. भांडी गप्प झाली. दार लावलेलं राहतं. बाटली पडली तिथेच पडून असते. भुताखेताचा विषय संपला, असं समज.

तुझा,
गोवर्धनदादा

ता. क. भाग्यश्री माहेरी, दिवाळे गावाला गेली आहे. खांब उभा राहिल्यापासून दिवेलागणीला वरून कांडल्याचा आवाज येतो. तो थांबल्याशिवाय परत येणार नाही, असं सांगून गेली. वर जाऊन बघतो तर कोणी नसतं, फक्त फळ्यांवर पिवळा भुगा पडलेला. रणजीत म्हणतो, वाळवीचा. वाळवीला हळदीचा वास येतो का, असं विचारल्यापासून तो फोन उचलत नाही. भाग्यश्रीवाचून घर खायला उठतं, आणि माझ्या हातचं वरण मलाच गिळवत नाही.

ता. क. २. म्हणून तू मुसळ घेऊन मुक्कामाला ये. तू आईची लाडकी. वरच्या खोलीत तुझं अंथरूण घालून ठेवलं आहे.

ता. क. ३. निघण्याआधी मुसळ तुझ्याकडेच आहे ना, तेवढं बघ. नसेल तर लगेच फोन कर, वर कशाने कांडलं जातंय ते तरी कळेल, मला हायसं वाटेल. असेल तर फोन करू नकोस. नुसती ये.